बस्त्याच्या दिवशी म्हटलेलं इंग्रजी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीचा रविवार. माझ्या मुलीच्या लग्नाचा बस्ता. बिल एक लाख चोवीस हजार. हजर माणसं: वरणगावहून आलेले व्याही आणि विहीणबाई, होणारा जावई, माझी बायको, मुलगी, आमचे धाकटे शेठ आणि मी. दुकान धुळ्यातलं. सव्वीस वर्षं मी तिथे साड्या दाखवतो. त्या दिवशी पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या बाजूला बसलो होतो.

धाकट्या शेठनी चहा मागवला. माझ्या खांद्यावर हात ठेवून व्याह्यांना म्हणाले, "काका तर आमचे स्टार. काका, म्हणा ना ते. हॉट केकवालं."

व्याही हसले. "आमच्या कॉलनीत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतंय ते. म्हणा व्याही, घरचेच आहोत."

मुलीच्या खांद्यावर शालू टाकलेला होता. ती खाली बघत होती.

मी म्हणालो. पदर अंगावर घेऊन, मोडकंतोडकं, त्यांना हवं तसं. सगळे हसले. विहीणबाई तोंडाला रुमाल लावून हसल्या. जावईही हसला.

इथवर कसा आलो ते सांगतो.

दिवाळीनंतर मोठ्या शेठनी दुकान मुलाच्या हाती दिलं. मुलगा पुण्यात शिकलेला. त्याने आम्हा सेल्समनना इंग्रजी शिकवायला नाशिकहून एक मॅडम आणल्या. दुकान उघडायच्या आधी तासभर. एखादी गोष्ट सध्या जोरात चालते आहे, हे इंग्रजीत किती तऱ्हांनी म्हणतात, तेवढंच शिकायचं. ऑल द रेज. टॉक ऑफ द टाउन. सेलिंग लाइक हॉट केक्स.

मी दहावीला इंग्रजीतच नापास झालेला माणूस. मला खरंच गोडी लागली. एकदा विचारलं, "मॅडम, केक तर थंड असतो. गरम कुठला?"

"तुम्ही अर्थात शिरू नका हो. पाठ करा."

सगळे हसले. मीही हसलो.

घरी मुलीला विचारलं. ती बी.कॉम. झालेली. तिने शोधून सांगितलं, हा वाढदिवसाचा केक नाही, तव्यावरचा आहे. आपल्या धिरड्यासारखा. तव्यावरून उतरला की संपला. "आपण हातोहात खपलं म्हणतो ना बाबा, तेच." मला बरं वाटलं. म्हणजे सव्वीस वर्षं मी हेच सांगत होतो. नरडाण्याकडच्या बाया आल्या की म्हणायचो, "अक्का, आते बठ्ठ्या हाईच लेतस." आता सगळ्या हीच घेतात. तेवढ्यावर साडी जायची.

आमच्या धंद्यात साडी स्वतःच्या अंगावर लावून दाखवावी लागते. निऱ्या कंबरेशी, पदर खांद्यावर. त्याला कोणी हसत नाही. बाई साडीकडे बघते, माझ्याकडे नाही. एकदा तसा उभा असताना मी ते इंग्रजी वाक्य म्हणालो आणि अडखळलो. शब्द उलटसुलट झाले. धाकट्या शेठनी मोबाइलवर घेतलं. आठवड्याभरात ते जिकडेतिकडे फिरलं. गिऱ्हाइकं यायला लागली. आधी माझ्यासोबत फोटो, मग साडी. शेठनी त्या पहिल्यासकट दर व्हिडिओला मला दोनशे रुपये लावले. मी घेतले. पहिल्या दोनशेचे घरी पेढे नेले. हे लिहितानाही मान वर होत नाही.

लोक कौतुकाने हसतात असं मला वाटायचं. मुलीला तसं वाटत नसावं. ती माझ्याकडून वाक्यं घोटून घ्यायला लागली. अकराव्या व्हिडिओला मी वाक्य सरळ म्हणालो. कुठेही अडलो नाही. मोबाइल खाली आला.

"काका, असं नाही. आधीसारखं."

"आधीचं चुकत होतं, शेठ."

"चुकतं तेच तर चालतं. बरोबर बोलणारे पैशाला पासरी आहेत. चला, परत घेऊ."

मी परत म्हणालो. मुलीने शिकवलेलं मुद्दाम मोडून म्हणालो. त्याचेही दोनशे घेतले.

तर बस्त्याच्या दिवशी हसणं ओसरल्यावर व्याह्यांनी मोबाइल काढला. "परत एकदा म्हणा. ग्रुपवर टाकतो. लोकांना कळू दे, आमच्याकडे कोणाची मुलगी येतेय."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मुलीने शालू खांद्यावरून काढला, मांडीवर घेतला आणि घडी घालू लागली. मी बघत राहिलो. हिला त्या घरात जन्म काढायचाय. तिथे हिला हिच्या नावाने कोणी ओळखणार नाही. हॉट केकवाल्याची पोर म्हणतील. आणि ते नाव मी दोनशे रुपयांना विकत होतो.

"नाही म्हणणार," मी म्हणालो.

"अहो, गंमत..."

"मघाशी म्हणालो तेच चुकलं. आता नाही."

बायको हळूच म्हणाली, "जाऊ द्या ना. पोरनं लगीन शे."

व्याह्यांचा चेहरा उतरला. "आम्ही काय परके?"

"परके नाहीत म्हणून तोंडावर सांगतोय."

मुलीने मान वर केली.

धाकटे शेठ हसत म्हणाले, "काका, स्टाफची दहा टक्के सूट सोडायची दिसते. बारा हजार चारशे होतात."

"सोडा."

तेवढे पैसे आणले नव्हते. कमी पडले ते बँडवाल्यासाठी बाजूला ठेवलेल्यातून घातले. बिल पूर्ण भरलं. लग्न मोडतं की काय, या धाकात दोन दिवस गेले. मोडलं नाही. व्याही मात्र आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. बोलू देत.

बस्त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वेळेवर दुकानात गेलो. धाकटे शेठ गल्ल्यावर होते. सगळा स्टाफ समोर. मी बावीसशे रुपये पुढे ठेवले.

"हे काय काका?"

"अकरा व्हिडिओंचे. तुमच्याकडचे काढून टाका."

"काढले तरी लोकांच्या मोबाइलवर राहतीलच."

"राहू देत. बारावा होणार नाही. मोबाइल वर आला की मी साडी खाली ठेवीन. कामावरून काढायचं तर तुम्ही काढा. मी आपणहून जाणार नाही."

ते नोटा तशाच गल्ल्यात टाकायला लागले.

"मोजून घ्या," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग नोटा मोजल्या. बावीसशे.