सातव्या वेशीवरचं हाव

"मॅडम, तुमची रेवली शेवटी 'हाव' म्हणते ना, तिथे स्टुडिओत आमच्या सगळ्यांच्या अंगावर काटा आला."

फोनवर अद्वैत होता, पुण्याच्या एका ऑडिओबुक कंपनीचा प्रोड्यूसर. मी आर्णीत, बाबांच्या टू-व्हीलर स्पेअर पार्टच्या दुकानात, मागच्या टेबलावर कुणाच्या तरी तेरवीचं कार्ड टाइप करत होते. अंगावर काटा यावा असं मी काही लिहिलंय हे ऐकून बरं वाटलं. फक्त काटा नेमका कशाने आला ते कळेना. 'हाव' ऐकून कुणाला काय होणार? आमच्याकडे चहा घेता काय विचारलं तरी माणूस 'हाव' म्हणतो. हाव म्हणजे हो.

"किती धाडस आहे त्यात," अद्वैत पुढे बोलतच होता. "अख्खी कादंबरी ती मुलगी लोकांसाठी मीठ वाहते. सगळ्यांना वाटतं काय गुणाची पोर. आणि शेवटी राखणदार विचारतो, 'तुला आत यायचं आहे?' तर ती स्वतःच्या तोंडाने कबूल करते. हाव! माझ्या मनात लोभ आहे! आणि दार उघडतं. काय ट्विस्ट आहे, मॅडम!"

माझी बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. कार्डावर 'शोकाकुल'चं नुसतं 'शोका' झालं होतं.

आता थोडं मागचं सांगते. मी फॅन्टसी कादंबऱ्या लिहिते. म्हणजे जादू, राज्यं, बोलणारे दगड. बाबा विचारतात, "डायनासोर हाये काय त्यात?" मी नाही म्हटलं की त्यांचा इंटरेस्ट संपतो. मी इंडी ऑथर आहे. इंडी म्हणजे प्रकाशक नसलेला लेखक. लिहायचं आपण, पानं लावायची आपण, कव्हर करायचं आपण, आणि विकलं गेलं नाही तर तोंड लपवायचं तेही आपणच. पुस्तक प्रिंट ऑन डिमांड असतं, म्हणजे ऑर्डर आली तरच छापतात. पंगत बसल्यावर पुऱ्या तळायला घ्याव्यात तसं. माझ्या पंगतीला फारसं कुणी बसलं नव्हतं. 'सात वेशी, एक गोणी मीठ' हे पुस्तक मुख्यतः माझ्या मावश्यांनी घेतलं होतं, आणि त्यातल्या एकीनेच वाचलं होतं.

तेवढ्यात या कंपनीने ते ऑडिओसाठी मागितलं. घरात पेढे आले. तरी दुकानात कुणी विचारलं, "पोरगी काय करते?" तर बाबा म्हणायचे, "कम्प्युटरचं पायते." कादंबरी हा शब्द त्यांच्या तोंडून गिऱ्हाइकासमोर कधी निघाला नाही. मी वरवर हसायचे. आतून लागायचं.

कादंबरीची गोष्ट साधी आहे. एका राजधानीला सात वेशी आहेत, एकीच्या आत एक. आतल्या लोकांचं मीठ संपलंय. रेवली नावाची मुलगी बैलावर मिठाची गोणी घालून निघते. प्रत्येक वेशीवर एक दगडी राखणदार असतो, तो प्रश्न विचारतो. हे पुस्तक मी जीव मुठीत धरून 'शुद्ध' भाषेत लिहिलं होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या मुलीने फॅन्टसी लिहायची आणि त्यात कुणी 'मले-तुले' केलं, तर पुण्यामुंबईचे लोक हसतील ही धास्ती. एकेक वाक्य धुऊन, इस्त्री करून बाहेर काढलं. शेवटचं प्रकरण मात्र एका बैठकीत, झपाटल्यासारखं लिहून झालं. त्यात राखणदार विचारतो, आणि रेवली म्हणते, "हाव." आमच्या तोंडातलं हाव.

मला ते दिसलं नाही, कारण मला ते खटकलंच नाही. बरं, छापण्याआधी बीटा रीडर असतात. म्हणजे पुस्तक बाजारात जाण्याआधी वाचून चुका सांगणारी आपली माणसं. माझे तीन होते. महागावचा मामेभाऊ, ढाणकीची मैत्रीण आणि इथल्याच बंजारा तांड्यावरची सारिका. तिघांनी मिळून माझे सगळे ऱ्हस्वदीर्घ पकडले. 'हाव' कुणालाच सापडलं नाही. तिघंही दिवसातून शंभरदा हाव म्हणतात, त्यांना ते काय सापडणार.

"एकच छोटी अडचण आहे," अद्वैत म्हणाला. "ही तिची हाव आधी कुठे दिसत नाही. दोन-तीन ठिकाणी पेरून द्या ना. प्रोमो आम्ही त्याच्यावरच करतोय. हे जमलं की दुसऱ्या भागाचं पण लगेच ठरवू."

दुसरा भाग माझ्या लॅपटॉपमध्ये अर्धा पडून होता. तो ठरला असता तर मी नुसती लिहू शकले असते, तेरवीच्या कार्डांना हात न लावता.

खरं सांगायला तोंड उघडलं, पण बाहेर पडलं ते "बघते." मराठीत यापेक्षा कामाचा शब्द नाही.

मग मी पेरायला बसले. तिसऱ्या प्रकरणात रेवली मूठभर मीठ गुपचूप कमरेला बांधते. पाचव्यात चिमूटभर मीठ मागणाऱ्या म्हाताऱ्याला मीठ संपलं म्हणून सांगते. वाईट गोष्ट अशी की ते झकास उतरलं. माझी भोळी रेवली एकदम पोचलेली दिसायला लागली. मी खुशीत ती प्रकरणं सारिकाला पाठवली.

सारिका स्कूटी काढून दुकानातच आली. ती आमच्याकडच्या बँकेत कामाला आहे. घरी गोरबोली बोलते, दुकानात वऱ्हाडी, बँकेत साहेबी मराठी. रेवलीची गोष्ट अर्धी तिच्याच घरातली आहे. तिच्या याडीने, म्हणजे आईने, मला लदेणीच्या गोष्टी सांगितल्या होत्या. लदेणी म्हणजे बैलांवर मीठ-धान्य लादून गावोगाव पोचवायचा तांड्याचा जुना धंदा.

"हे काय लिवून राह्यली वं?" ती टायरच्या थप्पीवर बसत म्हणाली. "रेवली मीठ चोरते?"

"चोरत नाही, लपवते."

"थेच थे. पण काहून?"

मी सगळं सांगितलं. पुणे, स्टुडिओ, अंगावरचा काटा. सारिका आधी इतकी हसली की बाबांनी काउंटरवरून वळून पाहिलं. मग हसू ओसरलं. सारिकाचं हसू असं ओसरलं की मला भीती वाटते.

"माह्या याडीनं तुले लदेणीच्या गोठी यासाठी सांगितल्या काय?" ती म्हणाली. "तांड्यातली पोरगी अन् चोरटी, हे आयकाले मले तुह्या पुस्तकाची गरज नाई, प्रणाली. थे मले फुकटात भेटते. भर बँकेत भेटते."

"अगं, पुस्तकात तांडा असं कुठे म्हटलंय? ते वेगळंच राज्य आहे."

"बैल हाये, मीठ हाये, आरशाचा घागरा हाये. कोणाले समजत नाई मंग?"

मी टेबलावरचं कार्ड सरळ करत बसले. लाज वाटली. ती चिडली म्हणून नव्हे, ती खरं बोलत होती म्हणून.

"अन् अजून एक," जाताना ती म्हणाली. "मी तुले तवाच इचारलं होतं, सातवं दार काहून उघडते? तू म्हटलं, जादू हाये. जादू म्हणजे काय उत्तर हाये काय? बाकीच्या साही वेशीवर तिनं कायना काय देल्लं, मंग दार किलकिलं झालं. आखरीले काईच देल्लं नाई, तरी सताड उघडलं. हे काई जमलं नाई."

हा घाव वर्मी बसला. फॅन्टसीवाल्यांच्या धंद्यात मॅजिक सिस्टिम नावाची चीज असते. म्हणजे जादूचे नियम. जादू कशानेही होऊन चालत नाही, तिलाही आरटीओसारखे कायदे लागतात. माझ्या सातव्या वेशीला कायदाच नव्हता. आणि माझ्या एका चुकीने अद्वैतला तिथे कायदा सापडला होता. चुकीचा होता, पण होता.

मी अद्वैतला फोन लावला. "ती हाव नाही, ते हाव आहे," मी म्हणाले.

"काय?"

"हाव म्हणजे लोभ नव्हे. आमच्याकडे हाव म्हणजे हो. चुकून राहिलं. माझ्या रेवलीत लोभ नाही, आणि मी तो घालणार नाही."

मला वाटलं, गेला दुसरा भाग.

"म्हणजे नुसतं हो?"

"हाव," मी म्हणाले.

तो हसायला लागला. निदान हसला तरी. पण मग त्याच्या आवाजातला काटाही गेला. "ठीक आहे. मग 'हो' करून टाकू. आमच्या निवेदिका मृण्मयीताई रीटेक देतील. प्रोमो दुसरा बघावा लागेल. दुसऱ्या भागाचं नंतर बोलू."

'नंतर बोलू' हा 'बघते'चा थोरला भाऊ.

रीटेक म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करणं. तो संध्याकाळीच आला. राखणदाराचा घुमणारा आवाज, "तुला आत यायचं आहे?" आणि मृण्मयीताईंचं स्वच्छ, गोड "हो." बरोबर होतं. आणि मेलेलं होतं. एवढ्या वेशी चालून आलेली पोर जणू गॅस सिलिंडर मिळाला का या प्रश्नाला उत्तर देत होती.

मी ते पुन्हापुन्हा ऐकलं. मग पहिल्या सहा वेशी वाचल्या. तिथे रेवली म्हणते, "होय, महाराज." "होय, मला आत यायचे आहे." सगळं इस्त्रीचं. ती दरबारी बोलते, कारण मी घाबरले होते. सातव्या वेशीवर मी घाबरायचं विसरले, आणि तीही विसरली.

म्हणजे सातव्या दाराचा कायदा तिथेच पडलेला होता. वाकून उचलायचा बाकी होता.

मी लिहायला घेतलं. आता पहिल्याच प्रकरणात गावचा कारकून रेवलीला बजावतो की राखणदारांना फक्त दरबारी भाषा कळते, तुझ्या घरचं बोलशील तर दगड होशील. ती घोकून घोकून दरबारी शिकते. घरी, बैलाशी मात्र ती आपल्या बोलीत बोलते, 'हाव' म्हणते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या कानावरून तो शब्द आधीच जातो, अर्थासकट. सहा वेशींवर ती घोकलेलं बोलते. दार किलकिलं होतं, आणि दर वेळी तिच्याकडून काहीतरी ठेवून घेतं. सातव्या वेशीवर देण्यासारखं काही उरत नाही. ती दमलेली असते. राखणदार विचारतो, आणि तिच्या तोंडून घरचं निघतं. दगड कोण होतं, ते पुस्तकात वाचा.

सारिकाने वाचून एकच मेसेज पाठवला. "आता जमलं."

अद्वैतने वाचून फोन केला. आवाजात काटा परत आला होता. "हे आधीच्यापेक्षा भारी आहे. पण मृण्मयीताईंना ते हाव जमत नाहीये."

खरंच जमत नव्हतं. त्या गुणी कलाकार, त्यामुळे त्या शब्दात जीव ओतायच्या. "हाऽऽव!" वाघ मागे लागल्यासारखं.

"ताई, इतकं नको," मी फोनवर सांगत होते. "काही मोठं घडतच नाहीये असं म्हणा."

"अगं, पण हा क्लायमॅक्स आहे ना?"

"क्लायमॅक्सलाही आम्ही असंच म्हणतो."

समोर एक गिऱ्हाईक बाबांना विचारत होतं, "काका, क्लच वायर हाये काय?" मला सुचलं. मी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून काउंटरवर ठेवला. दिवसभर लोक विचारत राहिले, बाबा सांगत राहिले. हाव. हाव ना. हाव बाप्पा, देतो. त्यातलं सगळ्यात साधं निवडून मी पुण्याला पाठवलं. मृण्मयीताई ते कानाला लावून घरभर फिरल्या म्हणे. पुढच्या टेकला त्या मान जराशी वर करून, श्वासाबरोबर, सहज बोलून गेल्या. त्यात बाबा हुबेहूब होते.

ऑडिओबुक आलं. जगाची उलथापालथ झाली नाही. एकाने एक स्टार देऊन 'लेखिकेने मराठी सुधारावे' असं लिहिलं. पण उमरखेडच्या एका नर्सबाईंनी लिहिलं की हेडफोनमध्ये आपलं हाव ऐकलं आणि बसमध्ये एकटीच हसले. असे मेसेज येत राहिले. अद्वैतचं 'नंतर बोलू' खरोखरच नंतर झालं, आणि दुसरा भाग ठरला.

नव्याने लिहिणारे विचारतात, म्हणून धंद्यातली एक गोष्ट सांगते. बीटा रीडरमध्ये एक तरी माणूस जिल्ह्याबाहेरचा ठेवा, चूक पकडायला. आणि एक जिल्ह्यातला ठेवा, कोणती चूक मोडू नये ते सांगायला.

परवा ढाणकीकडचे एक काका ब्रेक शू घ्यायला आले होते. मी मागे टेबलावर होते, दुसऱ्या भागाची पानं लावत. ते बाबांना म्हणाले, "तुमची पोरगी जादूच्या कादंबऱ्या लिवते म्हणते. खरं हाये काय?"

बाबा खोक्यात वाकून नट शोधत होते. माझे हात थांबले. आता 'कम्प्युटरचं पायते' येणार म्हणून मी मान खाली घातली.

बाबांनी वर पाहिलं नाही. नट सापडला, तो काउंटरवर ठेवला.

"हाव," ते म्हणाले.