ज्ञानदेवचं आठ दिवसांचं फ्रान्स

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावच्या मराठी मंडळींत ज्ञानदेव रणपिसे हा सरळमार्गी माणूस म्हणून प्रसिद्ध होता, आणि सरळमार्गी माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं होतं. कोणीही यावं आणि त्याला काम सांगावं. कोणाच्या सासूबाईंना एअरपोर्टवरून आणायचंय, ज्ञानदेव आहे. कोणाच्या बेसमेंटमध्ये पाणी भरलंय, ज्ञानदेव आहे. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला खुर्च्या आणायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजून परत करायच्या, तिथेही ज्ञानदेवच. भीड भिकेची बहीण म्हणतात, ती याच्या घरी कायमची मुक्कामाला आली होती.

या माणसाला आयुष्यात स्वतःसाठी म्हणून एकच गोष्ट हवी होती. फ्रान्समध्ये ल्वार नावाची नदी आहे, तिच्या काठाकाठानं आठ दिवस सायकल चालवायची होती. ऑर्लिआँ गावापासून तूर गावापर्यंत. लायब्ररीनं काढून टाकलेल्या पुस्तकांच्या ढिगात त्याला त्या खोऱ्याचं एक चित्रांचं पुस्तक मिळालं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यात ते घर करून बसलं. आपले किल्ले चढता चढता माणसाचा जीव मेटाकुटीला येतो, आणि तिकडचे किल्ले पाहा, सपाट रस्त्याच्या कडेला, रसवंतीगृहासारखे. सायकल टेकवावी, राजाचं घर बघावं, पुढे निघावं. पाचशे वर्षांपूर्वीचे पूल, दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे, आणि नदी आपल्याबरोबर. हे सुख जगात कुठेतरी फुकट पडलेलं आहे आणि आपण मिनेसोटात बर्फ उपसतोय, या विचारानं त्याचा जीव तीळतीळ तुटायचा.

ज्ञानदेव बेचाळीस वर्षांचा होता. घरं उबदार ठेवणाऱ्या यंत्रांची बटणं आणि झडपा बनवणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर होता. बायको सुजाता हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आणि मुलगी विनीता सातवीत. त्यानं दहा गिअरची निळी सायकल घेतली होती आणि बर्फ वितळला की दर शनिवारी मिनेसोटा नदीच्या काठानं शाकोपी, चास्का, जॉर्डन अशी चाळीस मैलांची फेरी तो मारायचा. मागून येणारे पिकअपवाले हॉर्न वाजवायचे, एकदा एकानं अर्धा भरलेला कोकचा ग्लास अंगावर फेकला. पण याचं लक्ष पुढेच. ऑफिसला जाताना गाडीत फ्रेंचची कॅसेट लावून तो ‘खोली आहे का’ आणि ‘हा रस्ता नदीकडे जातो का’ एवढं मोठ्यानं घोकायचा.

मग अडलं कुठे? अडलं होतं सुट्टीपाशी. कंपनी वर्षाला दोन आठवडे द्यायची. दोन वर्षांची साठवली की इंडियाची एक फेरी व्हायची, कारण नाशिकला धाकट्या भावाकडे, लहूकडे, आई होती. रत्नाबाई. बारा वर्षांत सहा फेऱ्या झाल्या, सहाच्या सहा नाशिकला. अठ्ठ्याहत्तर साली येता येता तो एका मित्राकडे लंडनला दोन दिवस थांबला होता. घरी पोचल्यावर मावशी म्हणाली, “अर्ध्या वाटेवर येऊन थांबवतं कसं रे तुला?” शेजारी आई तांदूळ निवडत बसली होती, तिनं मान हलवली. आईला तेव्हाच ऐकू येणं कमी झालं होतं आणि ती कशालाही मान हलवायची, हे या इंजिनिअरला सुचलं नाही. त्यानं ती मान मनाला लावून घेतली आणि त्यानंतर विमान युरोपवरून जाऊ लागलं की खिडकीची पट्टी खाली ओढून घेऊ लागला.

शहाऐंशी साली मात्र त्यानं हिंमत केली. सुजाता आणि विनीता डिसेंबरमध्ये जाणार होत्या, जूनमध्ये तो एकटाच जाणार होता. सहा जूनला निघायचं, सातला पॅरिस, तिथून ट्रेननं ऑर्लिआँ, आठ दिवस सायकल, आणि सोळाला मुंबई. आईला पत्रात फक्त सोळा तारीख कळवायची. खोटं काहीच बोलायचं नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं.

“सरळ सांगा ना त्यांना,” सुजाता म्हणाली.

“काय सांगू? तुला भेटायच्या आधी आठ दिवस मौज करून येतो म्हणून?”

“हो. असंच.”

“तुला आमची आई माहीत नाही,” ज्ञानदेव म्हणाला. सुजातानं सासूबरोबर एकूण सात महिने काढले होते, तरी हे तिनं ऐकून घेतलं.

आता खरी गंमत सुरू झाली, म्हणजे बघणाऱ्यांची. विमानात दोन डाग न्यायची परवानगी. त्यातला एक सायकलचा खोका. राहिली एक बॅग. आणि ईडन प्रेरीतून कोणी इंडियाला निघालं की सगळ्या गावानं त्याच्याकडे पार्सल द्यायचं, हा तिथला अलिखित कायदा. पहिल्यांदा शैलाताई आल्या. “छोटंसंच आहे,” म्हणून त्यांनी नॉनस्टिक तवा ठेवला. मग कोणी व्हिटॅमिनच्या बाटल्या आणल्या, कोणी वडिलांचे बूट, कोणी भाचीसाठी हेअर ड्रायर. ज्ञानदेव आतल्या आत धुमसायचा आणि बाहेर “ठेवा ना, ठेवा” म्हणायचा. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार? आईच्या कानयंत्राच्या बॅटऱ्या गेली काही वर्षं याच लोकांनी आपापल्या बॅगांतून नेल्या होत्या.

शेवटी आला नरेंद्र दाबके. त्याचेही आईवडील नाशिकचेच. त्यानं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्र टेबलावर ठेवलं.

“यार, एवढं डॅडींना दे. तुझ्या भावाच्या घरून ते पिकअप करतील. कधी निघतोस?”

“सहाला,” ज्ञानदेव म्हणाला.

एवढंच म्हणाला. मध्ये फ्रान्स आहे हे सांगितलं असतं तर मंडळात बोभाटा झाला असता, चार जणांनी सल्ले दिले असते आणि दोघांनी परफ्युम मागवला असता. म्हणून तो गप्प बसला. गप्प राहण्यात आपण पटाईत आहोत अशी त्याची समजूत होती.

नरेंद्रनं रविवारी नाशिकला फोन केला आणि वडिलांना सांगितलं, सहाला निघतोय म्हणजे आठला मुंबईत. दाबके आजोबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, वेळेचे पक्के. ते सोमवारी सकाळी लहूच्या दारात हजर. “आठला येताहेत ना तुमचे बंधू? मग यंत्र न्यायला नऊला येऊ की दहाला?”

तीन जूनला दुपारी ज्ञानदेवच्या ऑफिसात फोन वाजला. तार कंपनीच्या बाईनं एकेक अक्षर चाचपडत तार वाचून दाखवली. आईला कळलं, लवकर येतोस, आई आठला मुंबई विमानतळावर येत आहे, लहू.

ज्ञानदेवनं तो मजकूर तिच्याकडून तीनदा वाचून घेतला. आई नाशिकच्या बाहेर पडत नसे. मुंबईला तर पंधरा वर्षांत गेली नव्हती. घरी येऊन त्यानं लहूला फोन लावला. लहूच्या खालच्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना होता, फोन तिथे. लहूला वरून बोलावून आणेपर्यंत मिनिटं गेली आणि प्रत्येक मिनिटाला ज्ञानदेवचं डोकं आणखी तापत गेलं. दाबक्यांवर तापलं, तव्यावर तापलं, आईवर तर फारच तापलं.

“जय भीम, दादा. आई कालच गेली मुंबईला,” लहू म्हणाला. “चेंबूरच्या मामाकडे. म्हणाली, त्यानं आपल्याला चकित करायचं ठरवलंय, आपण त्याला चकित करू. नवीन लुगडं काढलंय तिनं.”

“लहू, मी आठला येत नाहीये. मी सोळालाच येतोय. मध्ये फ्रान्सला उतरणार आहे.”

“फ्रान्सला कोण आहे आपलं?”

ज्ञानदेवनं रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. नदी आहे, असं त्याला म्हणायचं होतं. किल्ले आहेत. मी सहा वर्षं कॅसेट ऐकतोय. चेंबूरला नवीन लुगडं नेसून बसलेल्या आईपुढे यातलं काही टिकेना.

“कोणी नाही,” तो म्हणाला. “मी आठला येतो.”

मग न्यू जर्सीतल्या ट्रॅव्हल एजंटला फोन. एजंटानं पॅरिसहून मुंबईला पुढे जायचं त्याच दिवसाचं तिकीट करून दिलं. “एकच सीट होती, तुमचं नशीब,” असं वर म्हणाला. ज्ञानदेवनं त्याचे आभारही मानले. सगळं पक्कं झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यानं विमानाची वेळ सांगायला लहूला पुन्हा फोन केला.

“दादा, ते फ्रान्सचं काय ते मी आईला सांगितलं रे,” लहू म्हणाला. “मामाकडे फोन करून. मामानं तिच्या कानात ओरडून सांगितलं. सायकलवर नदीकाठानं फिरणार होता म्हणून.”

“कशाला सांगितलंस? काय म्हणाली?”

“हसली. म्हणाली, मग जाऊ द्या की त्याला. माझे आठ दिवस इथे मजेत जातील, मामाची नातवंडं आहेत. आणि म्हणाली, मला आधी सांगितलं का नाही? मी काय नको म्हणाले असते?”

ज्ञानदेवनं फोन ठेवला आणि लगेच एजंटचा नंबर फिरवला. एजंट हसला नाही, चिडलाही नाही, त्याला असल्या गिऱ्हाइकांची सवय होती. “साहेब, तुमची सोळाची सीट मी काल सोडून दिल्यावर दहा मिनिटांत गेली. आता जुलैच्या पंधरापर्यंत पॅरिस-मुंबई फुल आहे. समर आहे ना.” ज्ञानदेवनं विचारलं, काहीच होणार नाही का. एजंट म्हणाला, काहीच नाही.

तेलही गेलं, तूपही गेलं. सायकल बेसमेंटमध्ये सुटी करून खोक्यात घातलेली होती. पायडलं काढून वर्तमानपत्रात गुंडाळलेली, हँडल फिरवून दांड्याला बांधलेलं, पुढचं चाक बाजूला. सुजाता जिन्यात उभी राहून बघत राहिली. ज्ञानदेवनं पाना घेतला आणि सायकल पुन्हा जोडायला बसला. रागाच्या भरात नट दोनदा खाली पडला, दुसऱ्यांदा तो वॉशिंग मशीनखाली गेला. जमिनीवर पालथं पडून, गाल गार फरशीला लावून तो नट शोधताना त्याच्या ध्यानात आलं की आपण ज्याच्यावर चिडावं असं आता कोणीच उरलं नाही. दाबक्यांनी साधी तारीख सांगितली होती. लहूनं साधा प्रश्न विचारला होता. आई तर जा म्हणाली होती. आठ वर्षं तो मनातल्या मनात आईशी भांडला, तिच्या वतीनं स्वतःला नाही म्हणाला, आणि त्या भांडणातलं एक अक्षरही त्या बाईच्या कानावर गेलेलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि नट सापडत नाही म्हणून आलं असं त्यानं स्वतःला समजावलं.

विनीता जिन्यावरून उतरून त्याच्याजवळ येऊन बसली. तिला वर बसल्या बसल्या सगळं ऐकू आलं होतं. तिनं मशीनखाली बारीक हात घालून नट काढला आणि त्याच्या तळव्यावर ठेवला.

“बट बाबा,” ती म्हणाली, “व्हाय डिडन्ट यू जस्ट आस्क हर?”

ज्ञानदेव उठून बसला. आमच्याकडे विचारायचं नसतं, समजून घ्यायचं असतं, असं उत्तर त्याच्या तोंडाशी आलं होतं, पण सातवीतल्या मुलीसमोर ते बोलून दाखवायची त्याला लाज वाटली.

“मला भीती वाटली,” तो म्हणाला.

“ऑफ आजी?” विनीताला हे खरंच समजेना. “शी वुड हॅव सेड येस.”

“हो,” ज्ञानदेव म्हणाला. “तेच तर.”