एकदाच विचारणारी माणसं

मागच्या शनिवारी आमच्या कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये एक प्रकार घडला. बाळकुमला राहते मी, आणि दर शनिवारी संध्याकाळी इथल्या सिनियर मंडळींना इंग्रजी बोलायला शिकवते. शाळेतून रिटायर झाले तरी शिकवायची खोड काही जात नाही.

येणारे सगळे अमेरिकेला जाऊन आलेले, नाहीतर जायच्या बेतात असलेले... कुणाच्या मुलीचं बाळंतपण, कुणाच्या नातवाची शाळा. माझा स्वतःचा मुलगा इथून लोकलने जवळच, दिव्याला राहतो. तिथे व्हिसा लागत नाही, नळाला पाणी नसतं म्हणून जाताना पाण्याचे कॅन तेवढे न्यावे लागतात. त्यामुळे अमेरिकेच्या बाबतीत मी अगदी तटस्थ आहे.

व्याकरण मी शिकवत नाही. एक विषय द्यायचा आणि प्रत्येकाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचं... गाडी अडली की मराठीत. काम, कला, धाडस, तिकडचं राहणं, काहीही चालतं. धाडस या विषयावर एका आजोबांनी जावयाच्या हातची बिर्याणी खाल्ल्याचं सांगितलं होतं, आणि आम्ही ते मान्य केलं.

त्या दिवशीचा विषय होता अमेरिकेत झालेली फजिती. पाटीलकाका उठले. आमच्या बिल्डिंगा ज्यांच्या भातशेतीवर उभ्या आहेत, त्यांच्यातले हे एक. मुलगा टेक्सासला असतो. त्याच्या एका अमेरिकन मित्राकडे हे जेवायला गेले, त्याने काय वाढू विचारलं, आणि काका रीतीप्रमाणे 'नको' म्हणाले.

"बाई, मना खरंच भूक लागलेली. पन त्यानं परत इचारलंच नाय."

सगळे हसले, कारण थोड्याफार फरकाने सगळ्यांचं हेच झालं होतं. आपल्याकडे पहिलं नको सभ्यपणाचं, दुसरं लाजेखातर, आणि तिसऱ्यांदा ताट पुढे करायचं... तिकडे पहिल्याच नकोला पातेलं आत जातं. मी म्हटलं, मंडळी, हवं असेल तर सरळ हो म्हणा, तिथे आग्रह करत नाहीत.

सुमनताई मात्र हसल्या नाहीत. सुमनताई बी विंगमधल्या, लग्नातलं रुखवत करतात. सुपारीचे भटजी, लोकरीचं तुळशीवृंदावन, डाळ-तांदळाने सजवलेले कलश... नवरीला सोडून बायका रुखवतासमोर फोटो काढत बसतात, असा हात. मिस्टर गेल्यावर त्यांनी हे सुरू केलं.

चांगला जम बसला होता. मग मुलीच्या पहिल्या बाळंतपणाला सहा महिने न्यू जर्सीला गेल्या आणि परत आल्या तोवर गिऱ्हाइकं दुसरीकडे गेलेली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. आता कुठे घडी बसतेय, ऐन लग्नसराईच्या ऑर्डरी घेतल्यात, तर मुलीचं दुसरं बाळंतपण आलं. जावं की न जावं... गणपतीपासून त्यांना धड झोप नव्हती.

"मी सांगितलं तिला," त्या एकदम मराठीत म्हणाल्या. "सकाळी फोन केला. म्हटलं, या वेळी मला नाही जमणार गं, माझं काम आहे."

आईने लेकीच्या बाळंतपणाला 'माझं काम आहे' म्हणून सांगायचं... आमच्या पिढीत याला जिगर लागते. मी विचारलं, मग ती काय म्हणाली?

"म्हणाली, ओके आई, नो प्रॉब्लेम, आम्ही मॅनेज करू. मग मोठ्याची अंघोळ आहे म्हणून ठेवला तिनं."

पाटीलकाकांचं म्हणणं, पोर रागावली असंल, परत फोन लावा नि येते म्हना. सुमनताईंनी मान हलवली. रागावलेली नव्हती. नंतर तिने बाळाच्या खोलीचा फोटोसुद्धा पाठवला होता.

"आणि जाणार नाही ते नाहीच," त्या म्हणाल्या. "पण तिनं एकदा तरी म्हणायचं, ये ना गं आई. मी परत नाहीच म्हटलं असतं. तरी म्हणायचं."

खरं सांगू का... या बाईचं नको आजवर कुणी ऐकलंच नव्हतं. सासरी, माहेरी, सगळीकडे तेच. चार जणांनी गळ घालायची आणि शेवटी यांनी पदर खोचून उठायचं. पहिल्यांदाच कुणीतरी पहिल्या झटक्यात ऐकलं होतं, तेही पोटच्या पोरीने. माझ्या मते हे चांगलंच झालं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. शिक्षकांना गप्प बसता येत नाही.

"चांगलंच झालं हो. कळतंय मला," सुमनताई म्हणाल्या. "पण सकाळपासून घास उतरला नाहीये."

मी विषय बदलला, हवामानावर दोन-चार वाक्यं घेतली आणि क्लास लवकर संपवला.

लोक खुर्च्या उचलत होते तेव्हा सुमनताई पाटीलकाकांपाशी गेल्या. काका पुढच्या महिन्यात मुलाकडे जाणार आहेत. पिशवीतून सुमनताईंनी एक मोठा डबा काढला... डिंकाचे लाडू. सकाळी फोन ठेवल्या ठेवल्या करायला घेतले होते म्हणे. तिकडे पोचल्यावर मुलीच्या पत्त्यावर कुरियर करा, एवढंच मागणं.

काका व्यवहारी माणूस. डबा हातात तोलत म्हणाले, "पोरीला इचारलंय ना पन? उगाच तिकडं पडून राहायचं."

"विचारलं," सुमनताई म्हणाल्या. "नको म्हणाली. तरी पाठवा."

काकांनी डबा आपल्या पिशवीत घातला. मी जन्मभर लोकांची वाक्यं दुरुस्त करत आले... या एका वाक्यात मला काही बदलावंसं वाटलं नाही.