उत्तरेचा उजेड

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी माझे पती गेले. ते खुर्चीत बसले होते. मी चहा घेऊन आले आणि हाक मारली. त्यांनी ओ दिली नाही.

दहाव्या दिवशी घाटावर कावळा शिवेना. सोलापुरात कावळ्यांना तोटा नाही, पण त्या सकाळी ते पलीकडच्या कडुलिंबावर नुसते बसून राहिले. पिंडाला कावळा शिवला नाही तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं मानतात, आणि मग घरचे एकेक जण पुढे होऊन शब्द देतात. माझे दीर म्हणाले, "दादा, वहिनींची काळजी करू नकोस." कावळा हलला नाही. इंग्लंडहून आलेली आमची मुलगी मुक्ता म्हणाली, "बाबा, मी आईला एकटं पडू देणार नाही." तरीही नाही. गुरुजींनी घड्याळ पाहिलं आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. तेव्हा मी म्हणाले, "अहो, तुमचं विद्यापीठ मी बघून येईन." कावळा उतरला.

ह्यांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, माझाही नाही. हे म्हणाले असते, त्याला भूक लागली असेल. पण मी शब्द दिला होता आणि तो चारचौघांनी ऐकला होता.

हे कापडाच्या रंगाचं शास्त्र शिकवत. सोलापूरच्या चादरींवर रंग कसा बसतो आणि कसा विटतो, यात त्यांचा जन्म गेला. लग्नाआधी शिष्यवृत्तीवर ते इंग्लंडमध्ये शिकायला होते. वडिलांच्या आजारपणामुळे पदवीदान समारंभाआधीच त्यांना परतावं लागलं. आमच्या बैठकीत त्यांचा तेव्हाचा फोटो आहे. टेकडीवरची दगडी इमारत, पायऱ्या, आणि कुणाचा तरी मोठा कोट घातलेले हे. "तुला एकदा त्या टेकडीवर नेणार, त्या हॉलमध्ये बसवणार," असं ते दर दोन-चार वर्षांनी म्हणत. मी शाळेत भूगोल शिकवला. नकाशात बोट ठेवून जगभर फिरले, पण ते जाणं राहून गेलं.

२००६ सालच्या मे महिन्यात मी मुक्ताकडे बेसिंगस्टोकला उतरले. हे गाव कंपन्यांच्या काचेच्या इमारतींचं. सकाळी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली माणसं त्या इमारतींत जातात आणि संध्याकाळी गाव पुन्हा शांत होतं. मुक्ताच्या ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरची घाई होती, तिला रजा मिळेना. मी म्हणाले, मी एकटी जाते. स्टेशनवर ती मला चारचारदा बजावत होती.

"आई, बर्मिंगहॅमला ट्रेन चेंज करायची. प्लॅटफॉर्म स्क्रीनवर बघ. कुणाला विचारत बसू नकोस."

"विचारलं तर काय होतं?"

"काही नाही, सांगतील. मग तू त्यांना मुलंबाळं किती विचारशील, आणि तुझी ट्रेन जाईल."

झालं तसंच. बर्मिंगहॅमच्या स्टेशनात खाली अंधार आणि वर गर्दी. मी एका वयस्कर बाईंना विचारलं, त्या स्वतःच मला जिन्यापर्यंत घेऊन आल्या, त्यांच्या गुडघ्याचं ऐकता ऐकता नॉटिंगहॅमची गाडी डोळ्यांदेखत सुटली. मी मुक्ताला फोन केला. ती फक्त "हं" म्हणाली.

पुढच्या गाडीच्या खिडकीतून पिवळी शेतं दिसली. आपल्या मोहरीच्या जातीचं तेलबी आहे ते. पिवळ्याच्या कडेला कुंपणाची पांढरी फुलं, मध्ये मेंढ्या. इतका निवांत हिरवा रंग मी पाहिला नव्हता. ह्यांना विचारायला हवं होतं की या हिरव्याला काय म्हणायचं. त्यांच्याकडे हिरव्याची बरीच नावं होती.

नॉटिंगहॅमला डॉ. विनया देवधर न्यायला आल्या होत्या. मुक्ताच्या मैत्रिणीच्या त्या मावशी. तिथल्या सरकारी हॉस्पिटलात आयुष्यभर नोकरी करून नुकत्याच निवृत्त झालेल्या. पांढरे कापलेले केस, पायात बूट, बोलणं तडक पुणेरी.

"दमलात ना? आधी घरी चला. पिठलं टाकते. फ्रीजरमधली मेथी आहे, तिला नावं ठेवायची नाहीत."

सकाळी त्यांनी क्रम्पेट (आंबोळीच्या जाळीचा जाड, मऊ पाव) भाजून दिला. लोणी त्याच्या भोकांतून खाली ताटलीत उतरत होतं. मी त्या दिवसासाठी आणलेली साडी नेसले. ह्यांनी शेवटच्या दिवाळीत घेतलेली इरकली, तिची घडी मोडायची राहिली होती. दुकानात तिच्यावरून आमचा वाद झाला होता. हे म्हणत मोरपंखी, मी म्हणत होते हिरवी.

"छान आहे हो हिरवी," विनयाताई म्हणाल्या. मी पदर सारखा केला.

विद्यापीठाचं गाव तिथून गाडीने अर्ध्या तासावर. त्याचं नाव इथे लिहीत नाही, तिथली माणसंही त्याला नुसतं 'युनी' म्हणतात. वाटेत विनयाताईंनी मला त्याचा इतिहास सांगितला. या भागात पायमोजे विणणाऱ्यांची वस्ती होती. दिवसभर मागावर बसलेली माणसं संध्याकाळी एका प्रार्थनाघराच्या माडीवर जमून वाचायला आणि हिशोब करायला शिकत. त्या माडीचं रात्रशाळेत रूपांतर झालं, रात्रशाळेचं कॉलेज झालं. एका गिरणीमालकाने टेकडीवरचं आपलं घर आणि बाग देऊन टाकली, तेव्हा कॉलेज वर चढलं. विद्यापीठ हे नाव त्याला नव्वदच्या दशकात मिळालं.

"म्हणजे हे शिकले तेव्हा ते विद्यापीठ नव्हतंच?"

"छे हो. तेव्हा ते 'टेक' होतं. कारागिरांचं कॉलेज."

हे मात्र जन्मभर 'आमचं विद्यापीठ' म्हणत आले. मला हसू आलं.

टेकडी फोटोतल्यासारखीच होती. दगडी इमारत, पायऱ्या, चेस्टनटच्या झाडांवर मेणबत्त्यांसारखे उभे तुरे, खाली तळं. तळ्याकाठी बसून आम्ही डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. एक करडा हंस ऐटीत चालत आला, मान लांब करून माझ्या हातातली दशमी घेऊन गेला आणि पाण्यात उतरून बुडवून खाऊ लागला.

"बघा, शिवला," विनयाताई म्हणाल्या. कावळ्याची गोष्ट मी त्यांना रात्री सांगितली होती. "दिवस वाचला. चला परत."

हॉलमध्ये आम्ही गेलो. लाकडी खुर्च्या, उंच खिडक्या, भिंतीवर दाढीवाले गृहस्थ. मी मधल्या रांगेत बसले. ह्यांनी मला बसवायचं म्हटलं होतं, मी बसले. थोडा वेळ वाट पाहिली. काय होईल असं मला वाटत होतं ते सांगता येत नाही, पण काही झालं नाही. ती सुंदर खोली होती आणि तिच्यात ह्यांचं काही नव्हतं. मुक्ताला लहानपणी शाळेतून आणायला जावं आणि वर्ग रिकामा दिसावा, तसं वाटलं.

बाहेर माहितीच्या टेबलावरच्या बाईंना मी विचारलं, कापडाच्या रंगांचा विभाग कोणत्या मजल्यावर होता? त्यांनी नकाशा उलगडला. इथे नव्हताच, त्या म्हणाल्या. या इमारतीत शिक्षकांचं प्रशिक्षण आणि समारंभ. रंगाचा विभाग पहिल्यापासून खाली, कालव्याकाठी. अजून तिथेच आहे, पण हेच शेवटचं सत्र. उन्हाळ्यानंतर सगळं रिंगरोडवरच्या नव्या कॅम्पसमध्ये जाणार.

मी पायरीवर बसले. मग मी टेकडीचा शब्द दिला होता का कालव्याचा? मला इतकंही माहीत नसावं?

"कावळ्याला तुम्ही नेमकं काय म्हणालात?" विनयाताईंनी विचारलं.

"तुमचं विद्यापीठ बघून येईन."

"मग अख्खं बघा. नंतर तो म्हणायला नको, बाईंनी वरवर पाहिलं."

नवा कॅम्पस वाटेवरच होता, म्हणून आधी तिथे थांबलो. काच आणि पोलाद, दारं आपोआप उघडणारी. कॉफीच्या रांगेत दोन मुली मराठीत भांडत होत्या, भांडी कुणी घासायची यावरून. माझी साडी पाहून दोघी ओशाळल्या.

"काकू, तुम्ही कुठल्या?"

"सोलापूरच्या."

"मी बार्शीची. तुम्ही कुणाला भेटायला आलाय?"

"मिस्टरांना," मी म्हणून गेले. तिने इकडेतिकडे पाहिलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आधी तू घास, मग ती घासेल."

कालव्याकाठची इमारत लाल विटांची, बुटकी, धुरकटलेली. टेकडीवर जसे फोटो काढणारे होते तसं इथे कुणी नव्हतं. छप्पर करवतीच्या दातांसारखं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि सगळ्या काचांची तोंडं एकाच दिशेला. मी थबकले. आमच्या सोलापूरच्या गिरण्यांची छपरं अशीच असत. त्यांच्या सावलीतून मी वर्षानुवर्षं शाळेत गेले, पण ती छपरं एकाच बाजूला का पाहतात हे मी कधी विचारलं नाही, मुलांनीही मला कधी विचारलं नाही.

हेलन नावाच्या तिथल्या प्राध्यापक आत भेटल्या. चाळिशीच्या, हातांच्या बोटांना निळा रंग. आमच्या घरी जेवणाच्या ताटावर तशी बोटं होती, कधी निळी, कधी जर्द.

हेलन म्हणाल्या, "अर्धं सामान खोक्यांत गेलंय. पण हे टेबल शेवटी हलवणार. नवीन जागेत असा उजेड नाही, तिथे रंग पाहायला दिव्यांची पेटी आहे."

छपराच्या काचांखाली एक लांब करडं टेबल होतं. रंग जुळवायचं टेबल. पहिल्या दिवसापासून प्रत्येक विद्यार्थ्याला इथे एकच गोष्ट शिकवतात, त्या म्हणाल्या. रंग फक्त उत्तरेच्या उजेडात पाहायचा. उन्हात पिवळा मिसळतो, दिव्याखाली तांबडा. सूर्य ज्या बाजूला कधी जात नाही त्या बाजूचा उजेड तेवढा खरं सांगतो. टेबलाच्या कडेशी उभं राहायचं, कापड थोडं तिरकं धरायचं, आणि घाई करायची नाही.

मी जे ऐकत होते ते मला पाठ होतं. साडीच्या दुकानात हे नेहमी साडी उचलून बाहेर जात. पायरीच्या डाव्या कोपऱ्यात अंग वळवून उभे राहत, पदर तिरका धरत आणि बघत बसत. दुकानदार हसत, मी लाजेने आत थांबत असे. घर बांधताना उत्तरेला भली मोठी खिडकी ह्यांनीच काढली. तिथे पापडसुद्धा वाळत नाहीत म्हणून मी कटकट करत असे. एकदा मी भूगोलाच्या बाईंचा आवाज काढून सांगितलं, "सोलापूरला जूनमध्ये भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. तेव्हा तुमच्या नियमाचं काय?" हे म्हणाले, "मग जूनमध्ये साडी घ्यायची नाही."

ती मला ह्यांची एक लकब वाटत होती. काही माणसं चहा बशीत ओतून पितात, तशी.

"काय झालं?" विनयाताईंनी विचारलं.

"काही नाही. हे इथे उभे राहत होते."

हेलनचं लक्ष माझ्या साडीकडे गेलं. "या रंगाला तुम्ही काय म्हणता?"

"आमच्यात वाद आहे," मी म्हणाले.

मी कोट काढला. टेबलाच्या कडेशी अंग वळवून उभी राहिले, पदर तिरका धरला. वर ढग होते, काचांतून उजेड सारखा पडत होता, कुठे सावली नाही. घाई केली नाही. आधी हिरवाच दिसला. मग त्या हिरव्याखालून निळं वर आलं, पाण्याखालून मासा वर यावा तसं. ते दिसलं की मला दिसावंसं वाटलं, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. विनयाताईंनी मान वाकवून पाहिलं.

"अगंबाई. ही हिरवी नाहीये हो. मोरपंखी आहे."

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा पोटभर रडले. हेलन चहा करायला गेल्या. विनयाताई माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, पदराचं टोक हातात घेऊन, जणू अजून रंग तपासत आहेत.

परतीच्या विमानात मी विचार करत होते की ह्यांनी मला कालव्याचं कधी का सांगितलं नाही. टेकडी सांगण्यासारखी होती, म्हणून सांगितली. खालचं सांगायची त्यांना गरज पडली नाही, ते त्यांनी घरी आणलं होतं. मी त्या विद्यापीठाच्या खिडकीशी संसार केला आणि ते पाहायला समुद्र ओलांडून गेले.

सोलापूरला पोचल्यावर दिरांनी विचारलं, "वहिनी, झालं का सगळं नीट?" मी म्हणाले, झालं. त्या हिवाळ्यात विनयाताईंचा फोन आला. कालव्याकाठची इमारत रिकामी झाली आहे, तिथे राहायची घरं होणार आहेत, छप्पर बहुधा ठेवतील. टेबलाचं काय झालं ते त्यांना माहीत नाही.

टेकडीचा फोटो बैठकीत आहे. साडी कपाटात आहे, सणाला नेसते. उत्तरेची खिडकी आहे. सकाळी मी तिथे बसून वर्तमानपत्र वाचते.