पहिला मान व्याह्यांच्या लाइनीला

आमच्या शेठचा मला अजून राग येतो. लोक म्हणतात, सोड, झालं गेलं गंगेला मिळालं. काही मिळालं नाही गंगेला. ती मुलगी सोनगीरला परत गेली, एवढंच झालं.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. डाळीच्या धंद्यात मुरलेल्या या शेठनी जळगावात इंटरनेटची कंपनी काढली होती. खाली आठ कॉम्प्युटरचं कॅफे, वरच्या मजल्यावर मशिनं आणि मी. धुळ्याला डिप्लोमा करून नुकताच चिकटलो होतो. घरात कमावता मी एकटाच.

बाहेरच्या जगाशी आमच्या दोन लाइनी होत्या. एक सरकारी, तारेनं मुंबईला जाणारी. दुसरी एका खासगी कंपनीची, गच्चीवरच्या डिश अँटेनातून. दोन्हीकडून आमच्या राउटरला बीजीपी नावाच्या पद्धतीनं सारखं कळवलं जायचं, की अमक्या ठिकाणी जायचं तर आमच्याकडून वाट आहे. दोघांकडून वाट असली तर कोणाची धरायची, हे आम्ही ठरवायचं. प्रत्येक लाइनीला एक आकडा द्यायचा, आणि ज्याचा आकडा मोठा त्याला पहिला मान. दोन-चार ओळी टाइप केल्या की झालं काम.

आता डिशवाल्या कंपनीची एजन्सी होती शेठच्या होणाऱ्या व्याह्यांकडे. मुलीचं लग्न जमलं त्याच आठवड्यात शेठ वर आले आणि म्हणाले, "त्यांच्या लाइनीला मोठा आकडा दे. सगळं तिकडूनच जाऊ दे, तिकडूनच येऊ दे. ती बंद पडली तरच सरकारी." परतीची वाटही तिकडूनच यावी म्हणून सरकारी लाइनीवर आमचा पत्ता मुद्दाम लांबचा करून सांगावा लागला. तेही केलं मी. शिवाय शेठच्या केबिनमध्ये एक स्क्रीन लावला, व्याही आले की त्यांना आपल्या लाइनीचा आलेख दिसावा म्हणून.

मे महिना लागला आणि गच्चीवरचं यंत्र तापायला लागलं. सकाळी अकरापासून ऊन कलेपर्यंत निम्मा माल वाटेतच गळायचा. लाइन पुरती मेली असती तर राउटरनं आपोआप सरकारी वाट धरली असती. पण ती मरायची नाही. कण्हत कण्हत का होईना, 'मी आहे' एवढं कळवत राहायची, आणि राउटरला तेवढं पुरायचं. संध्याकाळी गार झाल्यावर व्याही यायचे, स्क्रीनकडे बघायचे आणि म्हणायचे, फर्स्ट क्लास चालते की. अरे, दुपारी दोनला येऊन बसा ना कॅफेत!

ती मुलगी आली वडिलांबरोबर. वडील सोनगीरला तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. बोटांची कातडी काळी पडलेली. मुलीला इंग्लंडातल्या एका विद्यापीठानं स्कॉलरशिप देऊ केली होती, आणि ती घेते असं वेबसाइटवरच्या फॉर्मवर कळवायचं होतं. पत्र नाही, मेल नाही, फॉर्मच. मुदत तिथल्या दुपारी बारापर्यंत, म्हणजे आपल्या साडेचारपर्यंत. सोमवारी एकदा येऊन, फॉर्म उघडता उघडता अडकून, परतीची एसटी गाठायला दोघं रिकाम्या हातांनी गेले होते. सकाळची पहिली एसटी धरून सोनगीरहून धुळ्यामार्गे यायचं म्हटलं तरी जळगावला अकरा वाजायचे. बुधवारी शेवटच्या दिवशी परत आले.

तीनदा फॉर्म भरला तिनं. तिन्ही वेळा शेवटचं बटण दाबलं की पान पांढरं. वडील मला विचारायचे, "भाऊ, बठ्ठं ठीक शे ना?" मी म्हणायचो, होईल सगळं ठीक, होईल.

साडेतीनला मी शेठच्या केबिनबाहेर उभा राहिलो. आत लग्नाच्या याद्या चालल्या होत्या, दोन्हीकडची मंडळी बसली होती. शेठना बाहेर बोलावलं आणि सांगितलं, कॅफेतल्या मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, तासभर सरकारी लाइन पुढे करतो.

"आज? ते आत बसलेत. आलेख खाली पडलेला दिसेल त्यांना."

"बंद नाही करत शेठ. फक्त तासभर मागे ठेवतो."

"मागे ठेवायचं म्हणजे काय? व्याह्यांना कोणी दुसऱ्या पंगतीला बसवतं का? तुला नोकरी करायची ना?"

आत जाऊन दार लावून घेतलं त्यांनी. काय म्हणावं या माणसाला? पंगत जेवायची असते हो, तारांची कसली पंगत? मानपानाचं हे खूळ लग्नात भांडणं लावतं तेवढं पुरे नव्हतं, म्हणून याने ते मशिनीत घातलं. वर जाऊन राउटरसमोर बसलो. पासवर्ड टाकला. सगळ्या ओळी पाठ होत्या मला. हात तिथेच ठेवून बसलो, मग उठून खाली आलो.

चारला पाच मिनिटं कमी होती. मुलीनं कॉम्प्युटरवरून मान वर केली आणि विचारलं, "दादा, तुमच्याकडे दुसरी लाइन नाही का?"

मी म्हणालो, "नाही, ताई."

साडेचार वाजले. तिनं कागद एकेक करून फायलीत घातले, रडली नाही. तिच्या वडिलांनी माझा खांदा थोपटला. "जाऊ द्या भाऊ," म्हणाले, "तुमना काय दोष त्यामा?"