आबा, कुत्रं आणि गोचीड

शाळेतून दमून घरी यायचं, हातपाय धुवायचे, आणि चहा उकळेपर्यंत कुत्र्याला दोन्ही गुडघ्यांत धरून त्याच्या कानात बॅटरी मारत गोचीड शोधत बसायचं, असे माझे या पावसाळ्यातले बरेच दिवस गेले. गोचीड दिसायला चष्मा लागतो, आणि चिमट्यात धरायला वाकलं की तोच चष्मा घसरून कुत्र्याच्या पाठीवर पडतो. कुत्रं समंजस आहे. मी भूगोल शिकवताना नकाशावर भलत्याच नदीवर बोट ठेवलं की शेवटच्या बाकावरची पोरं जशी बघतात, तसं ते माझ्याकडं बघतं.

कुत्रं आणलं मुलीनं. तेव्हा ते बुटाच्या खोक्यात मावत होतं. "पप्पा, सगळं मी करणार," असं तिनं सांगितलं, आणि खरंच केलंही. मग तिला पुण्यात नोकरी लागली. आता ती व्हिडिओ कॉलवर कुत्र्याशी बोलते, आणि वेळ उरला तर आमच्याशी. तेही कुत्र्याबद्दलच.

त्याच सुमाराला आबा, म्हणजे माझे वडील, शिरोळकडच्या गावातून आमच्याकडं राहायला आले. आले म्हणजे मी आणलं. दुसऱ्यांदा पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा त्यांनी म्हशी विकून टाकल्या, आणि म्हशी गेल्यावर गावात राहायला त्यांच्याकडं काही कारण उरलं नाही. कोल्हापुरात आमच्या कॉलनीतल्या घरात खिडकीजवळच्या खुर्चीत ते बसले ते बसलेच. फिरायला चला म्हटलं तर "कुठं जायाचं? हितं वळखीचं कोण हाय?" जेवायला बसले तर अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायचे. उभा जन्म म्हशींच्या मागं पळलेला माणूस असा बसलेला बघवत नव्हता.

त्यांना खुर्चीतून उठवलं ते कुत्र्यानं. मुलगी गेल्यावर त्याला दुपारी बाहेर न्यायला कुणी नव्हतं. एक दिवस ते आबांच्या पायाशी येऊन कुईकुई करायला लागलं. "काय पावणं, कुठं निघालाय?" असं म्हणत आबांनी चपला पायांत सरकवल्या. तेव्हापासून त्याचं नाव पावणं. मुलीनं ठेवलेलं इंग्रजी नाव आबांच्या कवळीतून नीट बाहेर पडत नव्हतं. रोज चारच्या सुमाराला दोघं बाहेर पडायचे, दिवे लागायच्या वेळेला परत यायचे, आणि आबा दोन भाकरी खायचे. कुठं गेलतासा, विचारलं तर "बागंत बसतो की." आम्हीही खोलात गेलो नाही. म्हातारा जेवतोय, एवढं पुरे होतं.

गोचीड मात्र वाढत चालले. आधी कानात, मग बोटांच्या बेचक्यात, मग शेपटीच्या बुडाशी. रक्त पिऊन भरलेला गोचीड भिजवलेल्या वाटाण्यासारखा दिसतो. आमच्या घरात वाटाण्याची उसळ त्यामुळं बंद झाली. पिसवा होत्याच, पण गोचिडांपुढं त्या बिचाऱ्या किरकोळ वाटायला लागल्या.

उपाय मी सगळे केले. कडुनिंबाचा पाला उकळून कुत्र्याला आंघोळ घातली. त्याला ती एवढी आवडली की ते रोज मोरीत जाऊन उभं राहायला लागलं. गोचिडांनाही आवडली असावी. मग शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सीताफळाच्या बियांची पूड सांगितली. बायकोच्या मिक्सरमध्ये ती दळली, यावरून जे झालं ते इथं लिहीत नाही. पूड कुत्र्याला चोळली आणि त्याच हातानं मी डोळा चोळला. गोचीड ठणठणीत राहिले आणि मी गॉगल लावून वर्गात मान्सूनचे वारे शिकवले. शेवटी दुकानातून मानेवर टाकायचे औषधाचे थेंब आणले. शनिवारी टाकले आणि रविवार म्हणून दुसऱ्या दिवशी कुत्र्याला साबण लावून स्वच्छ धुतलं. थेंब टाकल्यावर आंघोळ घालू नये, असं खोक्यावर लिहिलं होतं. मी वाचलं नव्हतं. पोरांवर मात्र रोज ओरडतो, प्रश्न नीट वाचा म्हणून.

मग आमच्या घरी भिशी झाली. बायकांनी हॉल भरला होता, भडंगाच्या ताटल्या फिरत होत्या. मी आतून बघतोय तर एक गोचीड भिंतीवरून सावकाश वर चढत होता. त्याला कसलीही घाई नव्हती. तो खिडकीच्या चौकटीवर गेला आणि तिथून शेजारच्या वहिनींच्या पदरावर उतरला.

"अगंबाई, साडीचा खडा निखळला वाटतं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी तो बोटानं दाबला. खडा चालायला लागला.

बायका गेल्यावर ही माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "अहो, ऐका. दिवाळीपर्यंत गोचीड गेले तर गेले. न्हाईतर कुत्रं नेसरीला, माझ्या माहेरी. भावाशी बोलणं झालंय माझं. शेतावर राहील, मोकळं हिंडंल."

"आणि आबा?"

ती भडंगाच्या ताटल्या एकात एक घालायला लागली. "आबांचं मला कळत न्हाई व्हय? पण दिवाळीला पोरगी यायची. तिच्या अंथरुणात निघाले म्हणजे?"

तिचं बरोबर होतं. आबांचंही बरोबर होतं. कुत्रं गेलं की आबा परत खुर्चीत आणि अर्ध्या भाकरीवर येणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. अशा वेळी मधल्या माणसानं काय करायचं असतं ते मला आजवर कळलेलं नाही. मी चिमटा घेऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी कुत्र्याला घेऊन जनावरांच्या डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरीणबाई मुलीच्याच वयाच्या. त्यांनी कुत्र्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या. "फिकट आहेत. रक्त तपासून घेऊ, सर. गोचीड नुसते रक्त पीत नाहीत, तापही देतात." मग गोळी लिहून दिली. ती ठरावीक दिवसांनी खायला घालायची. घरात भिंतींच्या फटी बुजवायच्या, फरशीच्या कडांना औषध फवारायचं, आणि ते वाळेपर्यंत कुत्र्याला बाहेर ठेवायचं. "पण तुम्ही एवढे काढता आणि रोज एवढे नवे येतात, म्हणजे हे कुठंतरी जाऊन बसतंय. कुठं जातं?"

"बागेत. वडिलांबरोबर."

"बागेत एवढे?" एवढंच त्या म्हणाल्या आणि पुढच्या मांजराकडं वळल्या.

शनिवारी सकाळची शाळा. दुपारी मी घरी होतो. चारला दोघं निघाले तसा मीही थोडं अंतर ठेवून निघालो. पन्नाशीच्या माणसानं स्वतःच्या बापाच्या मागं लपतछपत जाणं बरं दिसत नाही, आणि आमच्या कॉलनीत ते जमतही नाही. मी एका मोटारीआड उभा राहिलो तर वरच्या गॅलरीतून आवाज आला, "सर, काय हरवलंय काय?" आबांना ऐकू कमी येतं म्हणून वाचलो. कुत्र्यानं मात्र वळून बघितलं. बघून न बघितल्यासारखं केलं.

बाग डावीकडं राहिली. दोघं उजवीकडं वळले. मागच्या गल्लीत दोन नव्या इमारतींच्या मध्ये एक जुना गोठा अजून टिकून आहे. आबा तिथं शिरले, घरात शिरावं तसे.

मी फाटकापाशी थांबलो. आबा पालथ्या बादलीवर बसले होते. एका म्हशीची मान त्यांच्या मांडीशी आली होती आणि त्यांची बोटं तिच्या कानामागं फिरत होती. आमचं कुत्रं गल्लीतल्या दोन कुत्र्यांबरोबर वैरणीच्या ढिगात पाय ताणून पडलं होतं. त्यातलं एक कुत्रं खसाखसा कान खाजवत होतं. डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्यासमोर लोळत होतं.

"आरं, हिच्या कासंजवळ बघितलंस का?" आबा गोठेवाल्याला म्हणत होते. "न्हाय बघितलंस. तू मोबाईल बघ नुसता."

"तुमीच ठेवा की म्हशी, आबा. मी जातो मोबाईल बघायला."

आबा हसले. खो खो करून, कवळी सांभाळत. आमच्या घरात आल्यापासून हे हसू मी ऐकलं नव्हतं. मी तिथल्याच पायरीवर बसलो.

आबांनी मान वर केली. "शाळा सुटली व्हय? बस की. च्या घेनार?" दुसऱ्याच्या गोठ्यात ते मला चहा विचारत होते.

येताना मी म्हटलं, "आबा, तुम्ही बागेत म्हणत होता."

"मग? शेणाची घाण काय बागंपेक्षा वंगाळ हाय का?"

"घरातले गोचीड इथनं येतायत. दिवाळीपर्यंत गेले नाहीत तर कुत्रं नेसरीला जाणार म्हणतीय ती. तुम्ही गोठ्यात जावा की, पण एकटे."

आबा रस्त्यात थांबले. कुत्रंही थांबलं. "एकटा निगालो तर सूनबाई इचारणार, कुठं चाललाय. काय सांगू? दुसऱ्याच्या म्हशी बघाय चाललोय? लोक म्हनत्याल, हेच्या लेकानं हेला नीट ठेवला न्हाय. कुत्र्याला घेऊन निगालेल्याला कोण इचारत न्हाय, लेका."

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती, मळतच राहिली.

"मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. बागेत बसून धोतराला शेण लागतं व्हय?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? जेवत होते. त्यांच्यावर ओरडता येत न्हाई, म्हणून कुत्र्यावर ओरडले."

आबा दारात कधी येऊन उभे राहिले ते कळलं नाही. "सूनबाई, येक काम करा. कुत्र्यासंगट मलाबी नेसरीला सोडा."

परातीतला हात थांबला. "सोडते की. आणि भाकरी कोण थापणार? माझा भाऊ? त्याला चहा करता येत न्हाई." तिनं हात धुतले. "गोठ्यावर जायचं तर जावा. पण येताना मागच्या दारानं यायचं. धोतर तिथंच बादलीत टाकायचं, अंग झाडायचं, मग घरात. दोघांनीबी."

"मी काय म्हस हाय व्हय?"

"म्हशीचं बरं असतं, आबा. ती उलट बोलत न्हाई."

सगळं सुरळीत झालं असं नाही. मी भिंतींच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवल्या, आता हॉलला कोड फुटल्यासारखा दिसतो. कुत्र्याचं रक्त तपासलं, ताप नव्हता, तेवढं नशीब. गोळी तुपातल्या भाकरीत घालून दिली तर ते भाकरी खातं आणि गोळी माझ्या चपलेवर थुंकतं, मग आबाच ती त्याच्या घशात सारतात. गोठ्यात कुत्र्याला वैरणीपासून लांब बांधायचं ठरलंय. आबा बांधतात, आणि मला खात्री आहे, जरा वेळानं सोडतातही. गोचीड कमी झालेत. गेलेले नाहीत.

काल बायको फोनवर भावाशी बोलत होती. "न्हाई रे, न्हाई पाठवत कुत्रं. आबांना लागतंय," एवढं म्हणून तिनं त्याला उसाचं विचारलं.

तर आता संध्याकाळी शाळेतून आलो की मागच्या दाराशी आबा आणि कुत्रं उभे असतात. आबा बनियनवर, टॉवेल गुंडाळून, हात पसरून, तोंडानं माझा उद्धार करत. मी बॅटरी मारतो. चहा उकळून उकळून काळा होतो. आतून आवाज येतो, "कानामागं बघितलं का हो?"

"कुणाच्या?"

"दोघांच्या!"

आबा मुकाट्यानं मान खाली घालतात. कुत्र्याची मात्र अजून धरून वाकवावी लागते.