पेनं उघडून बसलेला वर्ग

कोण कुठून येतं, कसं येतं, शाळेत किती वाजता पोचतं, ही सगळी माहिती आठवीच्या मुलांनी महिनाभर खपून संगणकावर भरली होती. आज ती पडद्यावर लावून मी म्हटलं, "आता या माहितीला काहीही विचारा."

सायलीने अंतराप्रमाणे नावं लावून घेतली आणि ती थबकली. "बाई, लांबची मुलं वेळेवर येतात. शाळेजवळच्या मुलींनाच रोज उशीर होतो. असं का?"

मी हरखून गेले. माहिती गोळा करणं कुणालाही जमतं. त्या माहितीकडे बघून असा प्रश्न पडावा, यासाठी तर सगळा खटाटोप होता. मी वर्गाकडे वळले. "बोला, का होत असेल?"

भराभर वह्या उघडल्या, पेनांची टोपणं निघाली. "सांगा बाई, लिहून घेतो."

मला रडावं की ओरडावं कळेना. इतकी वर्षं शाळेत येऊन मुलं उत्तरं उतरवून घ्यायलाच शिकली होती.

पहिल्या बाकावर रूपाली होती. ती शाळेच्या भिंतीपलीकडेच राहते, शाळा जवळच म्हणून रोज घंटा होईपर्यंत नळावर पाणी भरते आणि धापा टाकत उशिरा वर्गात येते. उत्तर तिच्यापाशीच होतं. तीही पेन उघडून माझ्या तोंडाकडे बघत होती.